फोटोवरून बेतलेला ड्रेस

छोटीसारखी नजर अख्ख्या बाजारात कुणाची नाही. बाई दुकानात पाय ठेवते न ठेवते, तोच छोटीनं तिची कंबर सांगितलेली असते. टेप लावून बघा, अर्धा इंच इकडचं तिकडं निघणार नाही. गिऱ्हाईक मोबाईलमधला फोटो पुढे करतं, असाच ड्रेस हवा म्हणतं. छोटी एकदा बघते आणि कात्री उचलते. तिचा दहावी नापास दादा आपल्या गॅरेजात येणाऱ्याजाणाऱ्याला हे छाती फुगवून सांगतो. पहिलं शिलाई मशीन त्यानंच घेऊन दिलं, हेही सांगायला विसरत नाही.

स्वतःचे फोटो मात्र छोटी आधी मोबाईलवर बारीक करायची, मगच टाकायची. कंबर थोडी आत, दंड थोडे आत. त्याच फोटोंवरून एका ट्रकवाल्याशी ओळख झाली. वर्षभर रोज बोलणं. आता रविवारी तो पहिल्यांदा भेटायला येणार होता.

त्याच्यासाठी तिनं निळा ड्रेस बेतला. गिऱ्हाइकाच्या शिवणीत ती दोन बोटं कापड जास्तीचं सोडते, उद्या अंग सुटलं तर म्हणून. स्वतःच्या ड्रेसात सूतभर सोडलं नाही. टेपही लावली नाही. मोबाईल समोर ठेवला, नजरेनं माप काढलं आणि कापलं.

गुरुवारी ड्रेस कमरेवरून खाली उतरेना.

दादा आधी हसलाच. "जगाची मापं घेतेस आणि स्वतःचं चुकलीस?"

"चुकलं नाही, दादा. फोटोत तेवढीच आहे मी."

त्याचं हसू तिथंच अडकलं. सांगावंसं वाटलं, तू आहेस तशीच लाखात एक आहेस. पण जन्मात असलं कधी बोलला नव्हता, जीभ वळेना. नवं कापड आणतो म्हणाला. ती नको म्हणाली.

निळं उरलं नव्हतं, म्हणून शुक्रवारी तिनं दोन्ही बाजूंना पिवळ्या पट्ट्या जोडल्या. आरशासमोर फोटो काढला आणि काही न बदलता पाठवला. खाली लिहिलं, अशी आहे मी, आता ठरव.

त्यानं पाहिल्याची खूण लगेच आली. उत्तर आलं नाही. शनिवारीही नाही. फोन लावून खडसावतो, म्हणत दादानं मोबाईल मागितला. तिनं दिला नाही.

रविवारी दुकान बंद असतं. दादा गेला तर शटर अर्धं वर. आत छोटी निळापिवळा ड्रेस घालून दाराकडे तोंड करून बसलेली. समोर एक खुर्ची, लख्ख पुसलेली. दादा त्या खुर्चीवर बसायला गेला.

"तिथं नको," ती हळूच म्हणाली.

तो मशीनजवळच्या स्टुलावर टेकला. बाहेर कुठलीही गाडी थांबली की दोघंही माना वर करत.