दसऱ्याला उपटलेली वायर

दसऱ्याच्या सकाळी मी कॉम्प्युटरची वायर उपटली. कारण धार्मिक होतं.

आमच्याकडे दसऱ्याला, जिच्यावर घर चालतं त्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. स्कूटर धुऊन निघते, विळी-सुरी पुसून पाटावर बसते, आणि बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरलाही हळदीकुंकू आणि झेंडूची माळ मिळते. आमच्या गावातल्या द्वारका चौकात रस्त्याकडेला झेंडूचे ढीग लागतात, तिथून मी सकाळीच पिशवीभर फुलं आणली होती. ओलं फडकं पिळून हातात तयार होतं. आणि पडद्यावर एक गोल गरागरा फिरत होता. त्याच्याखाली लिहिलेलं होतं : अपडेट चालू आहे, कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.

मी थांबलो. आकडा हलेना. बायको आतून म्हणाली, "अहो, आटपा लवकर, श्रीखंडाला नैवेद्याची वाट बघत बसवू नका."

चालू कॉम्प्युटरवर ओलं फडकं फिरवू नये एवढं विज्ञान मला येतं. आणि बंद करू नका असं स्पष्ट लिहिलेलं असल्यामुळे मी तो बंद केला नाही. फक्त वायर काढली.

पूजा उत्तम झाली. संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर कॉम्प्युटर लावला, तर तो उठेचना. काळा पडदा, मध्ये तोच गोल, आणि पुन्हा काळा पडदा. माळ मात्र ताजी होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तो कॉम्प्युटर 'माझा' आहे असं मी चारचौघांत म्हणतो, पण त्याच्यावर काम करते ती बायको. मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो आणि घरी आलो की बातम्या वाचतो. बायको कोर्टातल्या वकिलांचे मराठी दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. लग्नाआधी तिने टायपिंगच्या क्लासात खडखडणाऱ्या मशीनवर मराठी परीक्षा दिली होती. तोच कीबोर्ड तिच्या बोटांत बसलाय. ती टाइप करताना खाली बघत नाही, भाजी काय करायची यावर माझ्याशी वाद घालत घालत 'प्रतिवादी क्रमांक दोन' लिहिते. त्यासाठी मराठीचा एक जुना प्रोग्रॅम आम्ही घेतला होता. त्याची किल्ली म्हणून अंगठ्याएवढी एक डबी कॉम्प्युटरला खोचावी लागते. डबी असेल तर अक्षरं उमटतात, नसेल तर नाही. आणि वकिलांचं काम असं, की एका तारखेला कागद वेळेवर गेला नाही, तर पुढचा कागद दुसऱ्या टायपिस्टकडे जातो. इतक्या वर्षांत तिने एकही तारीख चुकवली नव्हती.

द्वारकेच्या दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर उघडून, फुंकर मारून, डोकं हलवलं. जुनी सिस्टीम गेली म्हणाला, आता नवीन टाकतो. नवीन टाकली. घरी आणून लावला, बायकोने डबी खोचली, प्रोग्रॅम उघडला, आणि उघडलाच नाही. या सिस्टीमवर हा प्रोग्रॅम चालत नाही, अशी पाटी आली. जुना एक दावा उघडून पाहिला तर 'मेहरबान कोर्ट' या शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, डॉलर आणि प्रश्नचिन्हं.

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला एकच शब्द आहे : दगा. इतकी वर्षं मी एकाच सिस्टीमशी निष्ठेने वागलो. तिचे सगळे हट्ट पुरवले. ती म्हणाली रीस्टार्ट कर, मी केलं. ती म्हणाली अटी मान्य आहेत का, मी एकदाही न वाचता मान्य आहेत म्हटलं. आणि तिने मला न विचारता, सणाच्या दिवशी, सकाळी सकाळी, घरात घुसून सामान हलवायला घेतलं! वायर मी उपटली हे खरं, पण गोल आधी तिने फिरवला होता.

हे सगळं मी फोनवर मेहुण्याला सांगितलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. तो अशाच संधीची वाट बघत असावा.

"दाजी, मी तुम्हाला किती वर्षं सांगतोय. तुम्ही कॉम्प्युटर विकत घेतलात, पण मालक ते आहेत. तुम्ही भाडेकरू."

"मग काय करायचं?"

"फुकटची सिस्टीम टाका. जगभरच्या लोकांनी मिळून केलेली. कोणी मालक नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय पानही हलणार नाही. स्वातंत्र्य, दाजी!"

तिसरीही एक सिस्टीम असते, महागडी, चकचकीत. ती आमच्या नात्यात फक्त लग्नाला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या मांडीवर दिसते, त्यामुळे तिचा विचार करायचा प्रश्न नव्हता. मी फुकटच्या आणि स्वातंत्र्याच्या एकदम प्रेमात पडलो. त्यातल्या कशाच्या जास्त, ते विचारू नका.

रविवारी मेहुणा पेनड्राइव्ह घेऊन आला. बायको पंचवटीत भाजी आणायला गेली होती.

"ताईला विचारलंत ना?" त्याने विचारलं.

"तिला काय विचारायचं? तिच्याच भल्यासाठी चाललंय," मी म्हणालो.

ती पिशव्या घेऊन परत आली तेव्हा पडद्यावर डोंगराचं एक सुंदर चित्र होतं आणि बाकी काही नव्हतं.

नवा धर्म घेतलेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात मी कोणालाही ब्लडप्रेशरबद्दल बोलू देईना. "तुमचा कॉम्प्युटर तुमचा आहे का?" असं मी थांबवून विचारायचो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहायला शिकलो. एक ओळ लिहिली की खाली भराभरा दहा ओळी धावायच्या. काय चाललंय ते कळायचं नाही, पण अवकाशात काहीतरी सोडतोय असं वाटायचं. पुण्याला शिकणारी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, नक्की काय करताय तुम्ही?" मी म्हणालो, "घड्याळ डावीकडून उजवीकडे नेतोय."

बायकोने पहिला आठवडा प्रयत्न केला. त्या सिस्टीममध्ये मराठी होतं, भरपूर होतं, पण कीबोर्ड वेगळा. तिची बोटं 'क' म्हणून जिथे पडायची तिथे भलतंच उमटायचं. डोळे मिटून स्वतःच्या स्वयंपाकघरात गेलेल्या बाईला मिठाच्या जागी साबण सापडावा, तसं तिचं झालं. ती काही म्हणत होती. मी तिला समजावत होतो. सवय लागेल, जगभर लोक वापरतात, सुरुवातीला त्रास होतोच, कोणत्याही स्वातंत्र्याची किंमत असते, वगैरे. त्या आठवड्यात एका वकिलाचा माणूस कागद घ्यायला आला आणि रिकाम्या हाताने गेला. दारात चपला घालताना तो म्हणाला, "असू द्या वहिनी, दुसरीकडे बघतो." बायको दार लावून कडी धरून तशीच उभी होती.

आणि मग सगळं सुरळीत झालं.

मी कामावरून आलो की टाइप केलेले दावे टेबलावर व्यवस्थित रचून ठेवलेले असायचे. तो वकिलाचा माणूसही परत येऊ लागला. मी मनोमन म्हटलं, जिंकलो! सकाळच्या टोळक्यात जाहीर केलं, "आमच्या घरात कोर्टाची कामं होतात फुकटच्या सिस्टीमवर. बोला!" एकाने माझ्या सांगण्यावरून स्वतःच्या कॉम्प्युटरवर ती टाकलीही. तो हल्ली वेगळ्या रस्त्याने फिरायला जातो.

मला फक्त प्रिंटर दाद देत नव्हता. काळ्या पडद्यावर मी त्याला विनवलं, दटावलं, त्याचं नाव बदलून पाहिलं, पण तो आपला ढिम्म. शेवटी छापायचा मजकूर मी पेनड्राइव्हवर घ्यायचो आणि बायको म्हणायची, "द्या तो पेनड्राइव्ह इकडे. तुम्ही अंघोळीला जा." अंघोळ करून येईपर्यंत प्रिंट निघालेली असायची. मला कौतुक वाटायचं. मी मेहुण्याला सांगितलं, "तुझ्या ताईच्या हाताला गुण आहे. प्रिंटर तिचं ऐकतो." मेहुण्याला तेव्हा एकदम खोकला आला होता.

असं वर्ष गेलं. पुन्हा दसरा आला, पुन्हा मी द्वारकेहून झेंडू आणला. या वेळी मी शहाण्यासारखा आदल्या संध्याकाळीच कॉम्प्युटर रीतसर बंद करून ठेवला होता. मागची धूळ पुसताना लक्षात आलं, ती मराठीची डबी जागेवर नव्हती. वाटलं, आता तिचं काम काय, टाकली असेल. मी कॉम्प्युटरला गंध लावलं, माळ घातली, हात जोडले.

वळून बघतो तो बायकोच्या तबकात अजून एक माळ. माझ्या माळेपेक्षा जाड, मध्ये मध्ये आंब्याची पानं घातलेली.

"ही कोणाला?"

"शिलाई मशीनला," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.

आतल्या खोलीत खिडकीपाशी तिच्या शिलाई मशीनचं टेबल आहे, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर तिने विणलेला रुमाल. मशीनला माळ, यात विशेष काही नव्हतं. पण मला त्या वर्षी भक्तीचा जरा उमाळा आला होता. म्हटलं, आपणही नमस्कार करावा. मी मागोमाग गेलो.

झाकण बाजूला उतरवून ठेवलेलं होतं. खाली शिलाई मशीन नव्हतंच. एक जुना, कोपरे झिजलेला लॅपटॉप होता, आणि त्याच्या पडद्यावर तीच ती आमची जुनी, दगाबाज सिस्टीम. बाजूला अंगठ्याएवढी डबी खोचलेली. डबीला सुद्धा कुंकवाचं बोट लावलेलं होतं. टेबलाखालून एक वायर भिंतीच्या कडेकडेने, दाराच्या पडद्याआडून, थेट बाहेरच्या खोलीतल्या प्रिंटरकडे गेलेली होती. ती वायर मी वर्षभर बघत होतो. इस्त्रीची समजत होतो.

"हे काय आहे?" मी म्हणालो.

"लॅपटॉप," ती म्हणाली.

"मशीन कुठाय?"

"ते माझ्या धाकट्या बहिणीकडे दिलं. मागच्याच वर्षी. तिच्या मुलीच्या गॅदरिंगचे कपडे शिवायला. तुम्हीच तर खाली रिक्षात ठेवून दिलंत."

मला तेही आठवेना. तेव्हा मी बहुधा रिक्षावाल्याला सिस्टीमबद्दल सांगत असणार.

"हा आणला कुणी?"

ती माळ सारखी करत बसली. मला उत्तर कळलं. तरी मी मेहुण्याला फोन लावला. सणाचा दिवस असल्याने त्याने आधी दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

"स्वातंत्र्य ना रे?" मी म्हणालो. "तुझ्या ताईला जुनी सिस्टीम टाकून दिलीस ती?"

"दाजी... ताई रडत होती हो. त्याच आठवड्यात. त्या वकिलाचा माणूस परत गेला त्या दिवशी. द्वारकेच्या त्या दुरुस्तीवाल्याकडे जुना लॅपटॉप पडला होता, मग म्हटलं..."

"आणि मला?"

"तुम्ही किती खूश होतात, दाजी."

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला आत्ता कळलं?" म्हणजे पुण्यापर्यंत बातमी होती. दुरुस्तीवाल्याला ठाऊक, वकिलाच्या माणसाला ठाऊक, धाकट्या मेहुणीला ठाऊक, कारण तिच्याच घरी ते मशीन टकटक करत होतं. माझ्या घरात वर्षभर दुसरी सिस्टीम नांदत होती आणि मी बाहेरच्या खोलीत डोंगराच्या चित्रासमोर बसून घड्याळ डावीकडून उजवीकडे नेत होतो. सिस्टीमने दगा दिला तो एकदाच. आणि तिने निदान पडद्यावर पाटी तरी लावली होती.

मी पलंगावर बसलो. बायको लॅपटॉपसमोरच्या स्टुलावर बसली आणि, पूजा झाल्यावर हत्यार थोडं चालवायचं असतं म्हणून, एक ओळ टाइप करून बघितली. बोटं खाली न बघता धावली. 'मेहरबान दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे कोर्टात' असं काळ्याभोर अक्षरांत उमटलं. वर्षभरात मी तिला टाइप करताना पाहिलंच नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं. दिसायला फार छान दिसत होतं ते, आणि त्यामुळे मला आणखीच राग आला.

"सांगायचं तरी होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच आठवड्यात. रोज. तुम्ही तेव्हा मला स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावत होतात."

मी हात पुढे करून लॅपटॉपवर पडलेली झेंडूची पाकळी उचलायला गेलो. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली : नवीन अपडेट आलं आहे, आत्ता करायचं की नंतर? माझा हात जागच्या जागी थबकला. नजर नकळत वायरीकडे गेली.

"हात मागे घ्या आधी," बायको म्हणाली. तिने शांतपणे 'नंतर'वर बोट ठेवलं, चौकट मिटली, आणि तबक घेऊन उठता उठता ती म्हणाली, "भावाला सांगून मी एवढं एकच करून घेतलंय. काहीही करायच्या आधी हा लॅपटॉप मला विचारतो. चला, श्रीखंड-पुरी वाढते."