एकाच ताक्यातलं पांढरं

नवरा गेला, त्याचं पुण्यानुमोदन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी साड्यांना खडे चिकटवायला बसले. वस्तीतल्या बायकांना ते बरं दिसलं नाही. पण काम देणाऱ्या शेठचा गठ्ठा आठ दिवसांपासून पलंगाखाली पडून होता आणि तो परत द्यायचाच होता. साडीवर खुणा करून येतात. खुणेवर गोंदाचा थेंब टाकायचा, वर खडा दाबायचा, पुढे सरकायचं. डोकं लागत नाही. त्या दिवसांत मला तेवढंच जमत होतं.

रडू काही येत नव्हतं. बायका म्हणायच्या, रडून घे म्हणजे मोकळी होशील. मी म्हणायचे, बरं. दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो आणि गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. भूक लागली हे घड्याळ बघून कळायचं.

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला राहतो, हिऱ्याच्या कारखान्यात घासकाम करतो. तो म्हणाला, "आई, बमरोलीची खोली सोड. बाबांचा पगार बंद झाला. नुसत्या खड्यांवर भाडं निघायचं नाही. आमच्याकडे चल."

मुलगा वाईट नाही. सूनही वाईट नाही. त्यांच्या दोन खोल्यांत चार माणसं आहेत, मी पाचवी. मला स्वयंपाकघरात अंथरूण टाकावं लागलं असतं आणि सकाळी पहिला चहा होण्याआधी उचलावं लागलं असतं. दुसऱ्याच्या चहाच्या वेळेवर उठायचं मला नको होतं. मी म्हटलं, "होळीपर्यंत थांब. नाही जमलं तर येते." काय जमायचं होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

शेजारच्या खोलीत एक बाई फॉल-पिको करायची. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तोंडाची फटकळ, आमच्याच खानदेशातली. तिच्या बहिणीचं लग्न ठरलं. आम्हा बौद्धांत नवरी पांढरी साडी नेसते. ती आणायला ही भुसावळला निघाली.

"साड्यांच्या गावात राहते आणि साडीसाठी गाडीत बसते," मी म्हटलं.

"मग काय करू मावशी? इथं पांढरी मागितली की दुकानदार पहिला हात जोडतो."

मी शेठकडे गठ्ठा द्यायला गेले तेव्हा विचारून पाहिलं, लग्नासाठी पांढरी साडी मिळेल का. त्यानं खरंच मान खाली घातली. "मासी, कोण गुजरी गयुं?" म्हणजे कोण वारलं.

मी म्हटलं, "मारो वर गुजरी गयो. पण साडी लगननी जोइए."

तो माझ्याकडे बघत राहिला. नवरा मेला आणि बाई लग्नाची साडी मागते, यांची काय रीत असेल ती असेल, असं त्याच्या तोंडावर होतं. मग त्यानं गोदामातला माणूस बोलावून पांढऱ्या जॉर्जेटचा एक तुकडा काढून दिला. घरी आल्यावर मी त्याला निळी किनार आणि बारीक सोनेरी लेस लावली, पदरावर खडे चिकटवले. शेजारणीनं पिको केलं. तिची बहीण ती नेसून लग्नाला उभी राहिली आणि तिथंच दोन जणींनी विचारलं की कुठून आणली.

धंदा असा सुरू झाला. पाटी नाही, नारळ नाही, नाव नाही. हिवाळ्यात मी सात-आठ साड्या केल्या. पांढऱ्या साडीला चूक लपवायला जागा नसते. गोंद जरा जास्त पडला तरी डाग पिवळा दिसतो. त्यामुळे मी हात धुऊन बसायचे आणि कोणी आलं तरी चहा दुसऱ्या खोलीत द्यायला सांगायचे. दुसरी खोली म्हणजे शेजारणीची. ती म्हणायची, "मावशीकडं पाहुणा आला की खर्च माझा."

मग विहारातून बोलावणं आलं. माघात सामूहिक लग्नं होती. महिला मंडळाच्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. त्या म्हणाल्या, "सगळ्या नवऱ्यांना साड्या मंडळाकडून. आणि सगळ्या अगदी सारख्या. कोणाच्या बापाकडे किती आहे ते साडीवरून कळता कामा नये. जमेल?"

मी म्हटलं, जमेल.

"जमलं तर दरवर्षी तुम्हीच करा," त्या म्हणाल्या.

घरी येताना मी हिशेब केला की हे दरवर्षीचं झालं आणि आजूबाजूच्या विहारांत नाव गेलं, तर खोली सोडावी लागणार नाही. नाही झालं तर कतारगाम.

पहिल्यांदा सात नवऱ्या होत्या. कापडाच्या तागाला इथे ताका म्हणतात. शेठच्या गोदामात अर्धा दिवस बसून मी एक ताका निवडला. हात लावून पाहिला, सूत ओढून पाहिलं, चार वेळा उलगडायला लावला. हमाल वैतागला. त्यातून सात साड्या बरोबर निघाल्या. लग्नाला पाच दिवस राहिले असताना बाईंचा निरोप आला की आणखी चार नावं आली आहेत. चलथाणच्या बाजूच्या पोरी. त्यांचे आईबाप साखर कारखान्याच्या गाड्यांतला ऊस उतरवतात. दिवसाची मजुरी बुडवून नाव नोंदवायला यायला त्यांना उशीर झाला होता.

मी गोदामात गेले. पहिला ताका संपला होता. मी दारात उभी राहूनच दुसऱ्या एका ताक्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, पांढरा ना, तोच दे.

अकराही साड्या माझ्या खोलीत घडी घालून एकावर एक ठेवल्या होत्या. माझ्या खोलीला खिडकी नाही, दिवसाही ट्यूबलाइट लागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण नावं लिहिता येतात. मी चिठ्ठ्या लिहून एकेका साडीला टाचणीनं लावल्या. आधीच्या सात नावांच्या चिठ्ठ्या आधीच्या साड्यांवर, नव्या चार नावांच्या नव्यांवर. शेजारीण म्हणाली, "काय देखणा ढीग आहे. मीच परत लग्न करते." आम्ही दोघी हसलो. नवरा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले असेन, पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

लग्नाच्या दिवशी नवऱ्या शाळेच्या वर्गात तयार झाल्या आणि नावनोंदणीच्या क्रमानं मैदानात आल्या. दहा-अकराची वेळ होती, ऊन स्वच्छ होतं. मी मंडपाच्या दोराजवळ उभी होते. पहिल्या सात जणी आल्या, निळसर, चुन्यासारख्या पांढऱ्या. त्यांच्यामागून चौघी आल्या. त्यांच्या साड्या सायीच्या रंगाच्या होत्या. वेगळ्या बघितल्या तर पांढऱ्याच. त्या सातांच्या शेजारी मात्र न धुता ठेवल्यासारख्या दिसत होत्या.

फोटोवाला हिंदी बोलणारा पोऱ्या होता. त्यानं कॅमेरा खाली घेतला आणि मलाच विचारलं, "आंटी, ये चार लडकियाँ दुल्हन हैं या दुल्हन के साथ आई हैं?"

मी म्हटलं, "सगळ्या नवऱ्याच आहेत. काढ फोटो."

माझा नवरा डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होता. दुकानात गेलं की तो प्रत्येक कापड घेऊन दारापर्यंत जायचा आणि उजेडात धरायचा. मी म्हणायचे, दुकानदाराला वाटेल घेऊन पळतोस. तो म्हणायचा, दिव्याखाली सगळे रंग खोटं बोलतात. चाळीस वर्षं मी हे ऐकलं आणि एकदाही स्वतः कापड उजेडात नेलं नाही, कारण तो नेत होता. तो नाही, हे मला त्या मैदानात कळलं. तेव्हाही रडू आलं नाही. मी खुर्ची शोधून बसले.

पंचशील झालं, हार घातले, जेवणं झाली. चौघींच्या घरचे एका पंगतीत बसले होते. त्यांच्यातल्या एका नवरीची आई उंच, काळीसावळी बाई होती. तिनं जेवताना एकदा माझ्याकडे बघितलं. ताट अर्धं ठेवून ती उठली.

आठ दिवसांनी बाईंनी मला विहारात बोलावलं. टेबलावर फोटो होते. फोटोत फरक जास्तच उठून दिसत होता. बाई म्हणाल्या, "चलथाणचे लोक म्हणतात, ऊसवाल्यांना उरलेलं दिलं. आपल्या विहारात. आपल्याच लोकांनी. काय सांगू मी त्यांना?"

"मी उजेडात बघितलं नाही," मी म्हटलं. "चूक माझी."

"चूक झाली की तुम्ही केली?"

"झाली."

"नेमकी त्यांच्याच वाट्याला कशी झाली?"

त्यांनी फोटो पाकिटात घातले. "पुढच्या वर्षीचं आम्ही भुसावळहून बघू," म्हणाल्या.

मी चालत घरी आले. मुद्दाम केलं नव्हतं, हे खरं होतं. पण सात जणींसाठी मी गोदामात अर्धा दिवस बसले होते आणि चौघींसाठी दारातून बोट दाखवलं होतं, हेही खरं होतं. असं का, हे मी स्वतःला विचारलं. घाई होती, असं उत्तर आलं. पण घाई सातांच्या वेळीही होती. मंडळातल्या एखाद्या बाईची पोर त्या चौघींत असती तर मी दारातून परत फिरले असते का, एवढंच मग मी विचारलं, आणि उत्तर आलं ते कोणाला सांगितलं नाही.

मुलाचा फोन आला. मी म्हटलं, येते. त्यानं होळीनंतरच्या रविवारचा टेम्पो ठरवला. मी भांडी बांधायला काढली.

भांडी बांधता बांधता मनात आलं की जाण्याआधी चार साड्या नव्या करून द्याव्यात. मी पहिल्या सात साड्यांतला उरलेला बोटभर तुकडा घेऊन गोदामात गेले. शेठ म्हणाला, तो लॉट परत येत नाही मासी, पांढरा परत तसाच होत नाही. मग मी ताके एक एक करून फुटपाथवर आणले आणि तुकडा लावून बघितला. त्यातल्या त्यात जवळचा होता तो घेतला. शेजारणीनं पिको केलं आणि मजुरी घेतली नाही. "चारच आहेत म्हणून," ती म्हणाली. "पाचवी असती तर घेतली असती."

चलथाणला मी बसनं गेले. वस्ती कारखान्यामागे आहे, मळीचा वास बस थांबते तिथपासून येतो. ती उंच बाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला ओळखलं. बस म्हणाली नाही. मी पिशवीतून साड्या काढून पुढे धरल्या आणि म्हटलं, चौघींच्या आहेत, बदलून द्यायला आले.

ती आमची घरची बोली बोलली. "आते लयी का? लोकेसनी पाहनं ते पाही लिधं. पोर सासरले गयी. या कोठे नेसतीन?"

मी म्हटलं, "खरं आहे. लोकांनी बघायचं ते बघितलंच."

"मंग काब्र उनी?"

का आले, हे मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "दुसरा ताका मी बघितलाच नाही. तुमच्या पोरी होत्या म्हणून बघितला नाही. चूक झाली असं मी विहारात सांगितलं, पण तसं नाही."

तिनं तांदळातला खडा उचलून अंगणात फेकला. मला वाटलं आता शिवी येईल. शिवी मी घेतली असती. तिनं आतून पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या पुढ्यात आपटून ठेवला. चहा विचारला नाही.

"या चारी लयी जाय," ती म्हणाली. "मन्ही धाकलीनं लगन चैत मा शे. औंदा आम्ही आठेच करसूत, वस्तीमा. सात पोरी शेतीस."

म्हणजे यंदाची लग्नं विहारात नव्हती, इथेच वस्तीत होती.

"तू कर साड्या. पण पहिले मन्ही पोरनी काप. मना डोयासमोर उजाये मा पाहीसन. उरनं ते बाकीनासले."

मी म्हटलं, "तुमच्यासमोर उजेडात बघूनच कापीन. उरणार नाही. सगळ्या एकाच ताक्यातल्या करीन."

"ते मी पाही लिसू," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

त्या चार साड्या अजून माझ्याकडे आहेत, कोणाला हव्या असतील तर विकायच्या आहेत.

बसमधून उतरल्यावर मी मुलाला फोन केला. टेम्पो नको म्हटलं. तो म्हणाला, "आई, सात साड्यांवर तू खोली चालवणार?"

"सात झाल्या की पुढचं बघते."

"आणि नाही मिळालं पुढचं तर?"

"तर तू आहेसच."

मागे सून काहीतरी विचारत होती. त्यानं तिला सांगितलं, "नाही येत." मग मला म्हणाला, "बीपीचं औषध घेतेस ना?" मी हो म्हटलं. घेत नव्हते.

घरी येऊन मी बांधलेल्यातला एक टोप सोडवला, भात टाकला आणि जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ऊन डोक्यावर यायच्या आत, गोदामात गेले आणि हमालाला म्हटलं, पांढरा पूर्ण ताका बाहेर फुटपाथवर घे, शेवटच्या टोकापर्यंत उलगड. त्यानं गुजरातीत माझ्या सात पिढ्या काढल्या. मी जुनी चादर फुटपाथवर अंथरली आणि दुसरं टोक धरलं.