एक बूट इथे, एक बूट तिथे

देवळाबाहेर चपलांची जोडी फोडून ठेवायची, हे मला कुणी शिकवलं नाही. कसबा पेठेत वाढलेल्या माणसाला ते येतंच. एक चप्पल उजवीकडच्या ढिगात, दुसरी चार हात लांब खांबाआड. चोर घाईत असतो, तो जोडी जुळवत बसत नाही. साठी उलटेपर्यंत माझी एकही चप्पल गेली नव्हती आणि याचा मला जेवढा अभिमान होता तेवढा बी.एड.चासुद्धा नव्हता. ही हुशारी मी इस्तंबूलला बरोबर घेऊन गेले.

गेलो आम्ही तिघी, शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक वारज्याची. तिच्या वडिलांच्या शेतात आता बारा मजली इमारती उभ्या आहेत, त्यातल्याच एकीत ती सातव्या मजल्यावर राहते आणि बोलते मात्र अजून बांधावरून हाक मारल्यासारखी. दुसरी खडकीची. दारूगोळ्याच्या कारखान्यात ऑफिसात नोकरी झाली, नवरा गेला, मुलगा बंगळूरला, आता स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत एकटी. तिसरी मी, मुलांना इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. देशाबाहेर कुणीच गेलं नव्हतं. टूरवाल्यांच्या छत्रीमागे मेंढरांसारखं फिरायचं नाही, हा हट्ट माझा. इंग्रजी येतं म्हणून पुढारीपण माझ्याकडे आलं. म्हणजे मीच घेतलं.

घोर होता तो खडकीवालीच्या पायांचा. तिला जुना मधुमेह, तळपायांना काही म्हणता काही कळत नाही. काही वर्षांपूर्वी चपलेतून खिळा आत शिरला आणि बाईसाहेब दिवसभर त्यावर चालल्या. जखम चिघळली, डाव्या पायाचं धाकटं बोट काढावं लागलं. प्रवासाला डॉक्टरांनी परवानगी दिली ती बजावूनच. बाहेर बुटांशिवाय एक पाऊल टाकायचं नाही. पुन्हा जखम झाली तर नुसत्या बोटावर भागणार नाही, पाय जाईल. मग आमच्या पेठेतल्या कारागिराकडून मी तिला मऊ तळव्याचे काळे बूट शिवून घेतले. तो म्हणाला, बाई, हे घालून जगभर फिरा. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

पहिल्या दोन दिवसांत माझ्या इंग्रजीची शोभा झाली. मी छान व्याकरणशुद्ध प्रश्न विचारायची आणि समोरचा कनवाळूपणे हसायचा. वारजेवाली मात्र सहावारीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून सगळ्यांशी सरळ मराठीत बोलायची. "दादा, च्या कुठं मिळंल?" की चहा हजर. मी चिडून म्हटलं, तुला काय सगळेच वारज्याचे वाटतात का? तर म्हणाली, माणसंच हायेत की. मी दोघींना आणखी भरभर चालवलं. माझ्याकडे यादी होती. ते शहर सगळं चढउतारांचं, एक टेकडी संपली की दुसरी. खडकीवाली कुरकुर न करता मागून येत होती. दुखत नाही त्यानं कुरकुरावं तरी कसं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका गल्लीत लहानशी जुनी मशीद दिसली. आत जायला कुणाची ना नव्हती, डोकं झाकायचं आणि बूट दारातल्या लाकडी फळ्यांवर ठेवायचे. आत जाड गालिचा होता, खडकीवालीच्या पायात दोन-दोन मोजे, म्हणजे काळजी नव्हती. मी माझे बूट फोडून ठेवले, एक वरच्या फळीवर आणि एक दारामागे. मग तिचेही तसेच ठेवले. वारजेवाली म्हणाली, इथं कोन नेतंय तुझी खेटरं? मी म्हटलं, पुण्यात असं म्हणणारे अनवाणी घरी गेलेत.

आत इतकं निवांत होतं की आम्ही भिंतीशी तासभर बसून राहिलो. नमाजाची वेळ झाली, माणसं येऊ लागली, तशा उठलो. दारात पाहते तर फळ्या बुटांनी भरलेल्या. माझे दोन्ही मिळाले. तिचा डावा मिळाला. उजवा नाही.

मी सगळ्या फळ्या दोनदा पाहिल्या. दारामागे, पायरीखाली, कुठेच नाही. बाहेर खडबडीत दगडी अंगण, कुठे काचेचा तुकडा असेल सांगता येत नाही. माझे बूट तिला दोन अंगुळं लहान. येणाऱ्याजाणाऱ्याला मी इंग्रजीत विचारत सुटले, आवाज चढत चालला, शेवटी वारजेवालीने माझा दंड धरून मला खाली बसवलं. "तू गप बस आन् हिचे पाय धर. खाली टेकू देऊ नगंस." मग खडकीवालीच्या पायातला डावा बूट काढून घेतला, तो उंच धरून अंगणात उभी राहिली आणि प्रत्येकाला विचारू लागली, याचा जोडीदार बघितला का.

मी पायरीखाली बसले होते. पायरीवर बसलेल्या खडकीवालीचे दोन्ही पाय माझ्या मांडीवर. पन्नास वर्षांची मैत्री, पण तिच्या पायाला माझा हात कधी लागला नव्हता. आणि मग मला उजव्या मोज्यावर टाचेजवळ मसुराएवढा तांबूस डाग दिसला. मोजे काढले. टाचेच्या कडेला फोड येऊन फुटला होता, भोवतीची कातडी लाल झाली होती. आजचा नव्हता तो. निदान दोन दिवसांचा, माझ्या यादीतल्या टेकड्यांचा. ती वरून विचारत होती, काय गं, काय आहे? तिला खरंच काही कळलेलं नव्हतं. मला रडू फुटलं.

तेवढ्यात एक म्हातारबाबा मशिदीची देखभाल करणाऱ्या माणसाला घेऊन आले. त्याच्या दोन्ही हातांत तिचा उजवा बूट, पुसून स्वच्छ केलेला. त्याने खुणांनी सांगितलं ते मला कुठल्याही भाषेशिवाय समजलं. एकटाच बूट पडलेला दिसला, कुणाचा तरी हरवला म्हणून त्याने नळाजवळच्या खिडकीत जपून ठेवला होता. जोडी असती तर त्याने हातही लावला नसता. उभ्या जन्माची माझी हुशारी अशी त्याने ओंजळीत धरून परत आणून दिली.

उघडा पाय पाहून तो बूट देईनाच. मान हलवून त्याने खुर्ची आणली. म्हातारबाबा समोरच्या औषधांच्या दुकानातल्या मुलीला बोलावून घेऊन आले. तिने जखम धुतली, पट्टी बांधली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला दरडावलं की आता हिला चालवू नका. मी शाळेत मुलं उभी राहत तशी ऐकून घेत उभी होते. आणि खरं सांगते, त्या बुटाचे मी आजही आभार मानते. तो जागेवर मिळाला असता तर मी तिला पुढची टेकडी चढवली असती.

यादी मी टाकून दिली. उरलेले चार दिवस आम्ही फेरीबोटीत काढले. या काठावरून त्या काठावर, पुन्हा परत. बोटीतच चहा, तीळ लावलेली पावाची कडी, पाण्यावर पाखरं. शहर आमच्याभोवती फिरत राहिलं आणि आम्ही बसून. याहून चांगली सहल माझ्या वाट्याला आली नाही.

मशिदीतून परतलो त्या संध्याकाळी हॉटेलात मी पट्टी बघायला तिचा पाय पुन्हा मांडीवर घेतला. डॉक्टरांनी रोज तळवे कुणाकडून तरी बघून घ्यायला सांगितले होते, ते तिने आम्हाला कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. मी रागावले. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "हे होते तोवर हे बघायचे. आता कुणाला सांगू, माझे तळवे बघा म्हणून?"

पुण्यात परतल्यावर मी तिला दम दिला की रोज संध्याकाळी साडेसातला मला व्हिडिओ कॉल करायचा. तेव्हापासून करते. फोन उचलला की आधी पडदाभर तिचा तळवा, मग दुसरा, मग ती. मी चष्मा लावून नीट बघते आणि ठीक आहे म्हणते. तिला वाटतं, मी तिच्यासाठी केवढा वेळ काढते. माझ्या घरीही संध्याकाळी दुसरा फोन वाजत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.