उलट्या सातचं पीप

आमच्या बेटावर भरलेलं पीप मुकं असतं. लाकडातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते, तिला आम्ही देवदूतांचा वाटा म्हणतो. वाटा जाईल तसं पीप पोकळ होतं आणि ठोकल्यावर बोलायला लागतं. गोदामातला टॉर्कविल रोज संध्याकाळी कुलूप लावण्याआधी सतरा नंबरच्या पिपावर बोटांनी टकटक करायचा.

"काय म्हणते बायको?" मी भट्टीवरून ओरडायचो.

"विचारते, तो भट्टीवरचा ऐतखाऊ अजून कामावर आहे का म्हणून!"

ते पीप त्याच्या एफीच्या हातचं होतं. पोरगेली असताना ती गोदामात नंबर रंगवायला लागली आणि पहिल्याच दिवशी पत्र्याचा साचा पालथा ठेवून तिने सातचा आकडा उलटा उमटवला. सगळे फिदीफिदी हसले. ती पुसायला गेली तर टॉर्कविल म्हणाला, "राहू दे, शोधायला सोपं जाईल." याहून गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही, पण तेवढ्यावर लग्न जमलं.

एफी जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तिच्या हातची बाकीची पिपं एकेक करून रिकामी झाली, पुन्हा भरली, त्यांच्या झाकणांवर नवा रंग चढला. हे एकच उरलं होतं. आमच्या घरांची भिंत एक आहे, त्यामुळे तो रेडिओ चालू ठेवून झोपतो हे मला ठाऊक आहे.

या हिवाळ्यात त्याने पिपातून नमुना काढला. दारूचा जोर चाळीस टक्क्यांच्या जेमतेम वर होता. त्याखाली गेलं की तिला व्हिस्की म्हणता येत नाही, कायदाच आहे तसा. गप्प बसला असता तर पीप आणखी वर्षभर त्याच्यापाशी राहिलं असतं आणि आतलं मातीमोल झालं असतं.

"काय रे टॉर्क, ठेवायची का अजून?" मॅनेजर इशबेलने विचारलं.

त्याने हातातला पेला खाली ठेवला. "काढा," म्हणाला. "आता ठेवली तर तिचं नावही राहणार नाही."

एकाच पिपाच्या मोजक्या बाटल्या. लोक बोटीने येऊन घेऊन गेले. इशबेलने एक त्याच्या हातात ठेवली. "निम्मी तर देवदूतच प्यायले," तो म्हणाला. "एफीला घोटभर मिळाली असेल तर बरं."

"पीपही घरी घेऊन जा," इशबेल म्हणाली. "चुलीपाशी ठेव."

"सुकून फळ्या सुटतील. रिकामं पीप घरात टिकत नाही, बाई. भरा परत."

पीप नव्याने भरलं. एफीच्या आकड्यांवर काळा रंग फिरला, तेव्हा तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला. मग आत आला, सतराच नंबर मागून घेतला आणि साचे स्वतः उचलले. एक उमटवला. सातचा साचा त्याने पालथा ठेवला.

"अरे, उलटा आला!" इशबेल म्हणाली.

"असू दे. शोधायला सोपं जाईल."

त्या संध्याकाळी त्याने टकटक केली. सवयीने मी ओरडलो, "काय म्हणते बायको?"

त्याने पिपाला कान लावला.

"काही नाही. आता ती बोलायला लागेल तेव्हा मी नसेन." त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. "तू माझ्याहून लहान आहेस. तू ठोकत जा. नाहीतर तिला वाटेल, इथे कुणीच नाही."