न वाजणारी झडप

"आत्ये, काका गेले," एवढंच माझा भाचा प्रकाश फोनवर म्हणाला, आणि खरं सांगते, रडू येण्याआधी मला भीती वाटली. झडप बंद पडली असेल का? आणि दादाला शेवटी ते कळलं तर नव्हतं ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर महिना उलटला तरी कुणाकडे नाही. सकाळी देवळातून आला, चहा मागितला, पडवीत टेकला, तो टेकलाच.

दत्ताराम माझा थोरला भाऊ. संगमेश्वरच्या आतल्या अंगाला आमचं गाव. तिथल्या ग्रामदेवाची पूजा चाळीस वर्षं त्याच्याकडे. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयातली एक झडप पार आखडली, तेव्हा कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांसमोर मी बसले होते. दादाला धाप इतकी, की "काय ता तू ठरव, बाय," एवढंच बोलला. धातूची झडप घातली तर जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि सारख्या तपासण्या... आमच्या गावाहून ते जमणारं नव्हतं. दुसरी जनावराची. "डुकराची," डॉक्टर म्हणाले, "पण नीट शुद्ध केलेली असते." माझ्या तोंडचं पाणी पळालं. भाताच्या दिवसांत शेतं उकरतं म्हणून दादा ज्याच्या नावानं शिव्यांची लाखोली वाहायचा, ते जनावर! सोवळ्यानं गाभाऱ्यात जाणारा माणूस, कळलं तर नको म्हणेल आणि मरेल. मी सही केली. दादाला सांगितलं, धातूची आहे.

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची झडप मात्र खरोखरच धातूची निघाली. आजूबाजूला शांत असलं की ती घड्याळासारखी टिकटिकते, हे त्यांनी दादाला मोठ्या कौतुकानं ऐकवलं. झालं! दादा छातीवर हात ठेवून कान देऊन बसू लागला.

"बाय, माजी वाजत नाय गो. बंद तर नाय ना पडली?"

"तुझी नव्या तऱ्हेची आहे," मी दडपून दिलं. गावी गेल्यावरही दिवसातून दहादा पंखा बंद करून तो ऐकत बसे. त्या भीतीत त्याला मीच ढकललं होतं, आणि खरं बोलून बाहेर काढायची माझी छाती नव्हती.

वर्षानं तपासणीला प्रकाश त्याला घेऊन गेला. मी तापानं रत्नागिरीत पडलेली, दिवसभर जीव टांगणीला. संध्याकाळी दादाचा फोन आला. "डाक्टर बरा म्हनाले. तू घाबरू नको." त्यानंतर त्यानं टिकटिकीचं नाव काढलं नाही. मला हायसं वाटलं. त्याच सुमारास गाभाऱ्यातली पूजा प्रकाशकडे गेली. दादा उंबरठ्याबाहेर पाट टाकून बसायचा. गुडघे धरतात म्हणायचा, आणि मी इथून तेलाच्या बाटल्या पाठवत राहिले.

तेराव्याला प्रकाशला विचारलं, त्या दिवशी डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते? तो चाचरला. "काकांनी विचारल्यानी, वाजत का नाय. त्येंनी सांगून टाकला. परत येताना काका म्हनाले, बायला बोलू नको, ती भियाल." मग माझ्या तेलाच्या बाटल्या पुढे सरकवून म्हणाला, "गुडघं बरं व्हतं त्येंचं, आत्ये..."

म्हणजे दोन वर्षं तो देवाला भीत होता आणि मी त्याला. पाट अजून उंबरठ्याबाहेर तसाच आहे. प्रकाशनं उचललेला नाही, आणि मला त्याच्यावर बसवत नाही.

शिमग्यात देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचं काम दादाचंच. तो एकेक मागणं मांडायचा आणि गावानं मागून हुंकार द्यायचा. गेल्या दोन शिमग्यांत त्या पाटावरून उठून त्यानं नेहमीच्या मागण्यांत एक जोडलं होतं. "बा म्हाराजा, कोन मायेपोटी, भियापोटी खोटा बोलला असंल, तर ता पदरात घे, त्येच्यावर कोपू नको!" गावात कुणाचं तरी काही असेल, असं मला वाटलं होतं. गर्दीत मीही उभी होते. दोन्ही वेळा "व्हय म्हाराजा" म्हणाले, चांगलं मोठ्यानं.