पंखा फिरतो, वारा येत नाही
आता मी काय दिवे लावले ते ऐका. दिवे कसले, चूल लावली. तीही पेटली नाही.

तेव्हा आम्ही चेन्नईत गिंडीला राहायचो. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात फिटर. आमच्या सुनीताला मैलापूरचं स्थळ आलं होतं. माणसं तंजावरकडची मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच वाढलेली. मुलाच्या आई म्हणाल्या, "मुलगी पसंत आहे. आता रविवारी तुमच्या हातची पुरणपोळी खायला येतो." याचा अर्थ न कळायला मी काय दूधखुळी आहे? पोळी खाणार आणि घर जोखणार.

आणि नेमका गॅस संपला. नवा सिलिंडर कधी येईल ते देवालाही ठाऊक नव्हतं.

बाजारात सेल्वम नावाचा एकजण नव्या तऱ्हेची चूल विकायचा. पत्र्याचा डबा, आत भाजक्या मातीचं भांडं, बुडाला बॅटरीवरचा पंखा. जळण म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्या, दिसायला थेट म्हशीची पेंड. त्यानं माझ्यासमोर पेटवून दाखवली. धूर नाही, काजळी नाही, गॅससारखी ज्योत. घेतली.

आता, नवी चूल घरात आली की आमच्या गावाकडे तशीच नाही पेटवत. मी गल्लीतल्या गाईचं शेण आणलं, मातीत कालवलं, चूल आतून-बाहेरून मन लावून सारवली. हळदकुंकू वाहिलं, उन्हात वाळवली. माझ्या आईनंसुद्धा मान डोलावली असती.

रविवारी सकाळी डाळ चढवली, चूल पेटवली. आधी धूर झाला. मग आणखी धूर झाला.

"बॅटरी उतरली असेल," हे म्हणाले. नवी घातली. धूर.

"गोळ्या दमट असतील." गच्चीवर उन्हात पसरल्या, कडक केल्या, परत भरल्या. धूर.

मी रॉकेल शिंपडलं. भडका उठला, माझ्या भुवया घेऊन गेला आणि मागे पुन्हा धूर ठेवून गेला.

हे जमिनीवर आडवे झाले. चुलीच्या बुडाला कान लावला. "पंखा फिरतोय गं. पण वर वारा येत नाही."

"मग कारखान्यात काय गवत उपटता?"

"आत काही अडकलंय का बघू?"

"हात लावू नका. नैवेद्याची चूल आहे. ज्यानं गळ्यात मारली त्यालाच घेऊन या."

हे गेले. डाळ कोमट पाण्यात अंघोळीला बसल्यासारखी बसली होती. सुनीता कोपऱ्यात डोळे पुसत होती. धुरानं की स्थळाच्या काळजीनं, विचारायची माझी छाती झाली नाही. मलाही रडायचंच होतं, पण एका घरात दोघी रडल्या तर डाळीकडे कोण बघणार?

तेवढ्यात मैलापूरची मंडळी दारात. मुलाच्या आई पदर नाकाला लावून थेट स्वयंपाकघरात आल्या.

"अय्यो, घरात होम ठेवलाय का?"

मी तोंड उघडणार, तर पाठोपाठ हे सेल्वमला घेऊन हजर. मग काय, मी सुटले. तमिळ मला अर्धंच यायचं, पण भांडायला पुरेसं होतं.

"लाज नाही वाटत? पोरीचं लग्न मोडायची वेळ आणलीस. दाखवताना चांगली चूल दाखवलीस आणि मला फुटकी दिलीस. आतल्या भांड्याला सगळीकडे भोकंच भोकं. ती मी एकेक बोटानं लिंपून बुजवली, म्हणून तर एवढी तरी पेटतेय."

पंखा आपला भुणभुणत होता.

हे हळूच म्हणाले, "कुठली भोकं बुजवलीस गं?"

मी चुलीकडे बघितलं. मग पंख्याकडे. मग जमिनीकडे, ती दुभंगते का बघायला. नाही दुभंगली.

सेल्वमनं चूल विझवली, निवू दिली आणि खिळ्यानं वाऱ्याचं एकेक भोक मोकळं करत गेला. परत पेटवली तर ज्योत अशी उसळली की डाळच दचकली.

पोळ्या झाल्या, उशिरा का होईना. मुलाच्या आईंनी पोटभर खाल्ल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "सुनीता आमची झाली. फक्त विहीणबाई, आमच्या घरी याल तेव्हा काही सारवू नका."

मला वाटलं, गमतीनं म्हणाल्या. आता नातू शाळेत जातो. पण अजूनही मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला, की बाई आधी गॅसच्या शेगडीपुढे जाऊन उभ्या राहतात.