ठमीकाकीचे धवळे

शेणवे गावाजवळच्या एका वाडीत लग्न लावायला भटजी लागत नाही, धवलेरी लागते. ती धवळे गाते आणि त्या गाण्यांवरच लग्न लागतं. अनंताची काकी ठमी ही वाडीतली शेवटची धवलेरी.

अनंता शहापुरात एका दुकानात लोकांच्या वेबसाइट बनवायचा. दोन लगीनसराया तो वही घेऊन काकीच्या मागं फिरला. टेप तिला चालत नसे. "डबीत गानं भरलंस त डबीच लगीन लावंल. मंग मना कोन बोलवील रं?" लग्नाशिवाय धवळा तोंडातून काढायचा नाही, हाही तिचा नेम.

सत्तावीस धवळे त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर एकाच फाइलीत उतरवले. मधूनमधून, कंसासारख्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खुणांच्या आत, स्वतःच्या टिपा: 'इथं काकीला ठसका', 'नवरी रडत नाही म्हणून शिवी'.

२००४च्या मार्गशीर्षात काकी गेली. माणसाच्या वापरातलं त्याच्यासोबत द्यायचं, ही वाडीची रीत. लुगडं, तंबाखूची डबी यांच्याबरोबर अनंतानं वहीही चितेवर ठेवली.

"वही कशाला रं?" बापानं विचारलं.

"तिचीच हाय. कॉम्प्युटरमदी हाय सगळं."

महिन्याभरानं त्यानं धवळे वेबसाइटवर चढवायला घेतले. टिपा शोधून एकदम पुसून टाकायला कॉम्प्युटरला एक नमुना लिहून दिला: उघडणारी खूण, मधलं काहीही, मिटणारी खूण. एका ओळीतल्या टिपा गेल्या. दोन-तीन ओळींच्या राहिल्या, कारण ओळ संपली की नमुना थांबत होता. त्यानं ओळ ओलांडू देणारं एक अक्षर जोडलं. पहिली मिटणारी खूण दिसताच थांब, हे सांगायला एक प्रश्नचिन्ह पुरलं असतं. ते राहिलं. नमुना पहिल्या उरलेल्या टिपेपासून निघाला तो शेवटच्या टिपेपर्यंत गेला आणि मधले धवळेही पुसत गेला. फाइल त्याच नावानं, जुनीच्या जागी साठवली गेली. गिऱ्हाइकाच्या फाइलीची प्रत काढल्याशिवाय अनंता तिला हात लावत नसे. ही घरची होती.

उरला पहिला धवळा आणि शेवटच्याच्या चार ओळी.

वैशाखात काकीच्या लेकीचं, रुपाचं लग्न निघालं. हळदीला बाया जमल्या. शेजारची सावळी म्हणाली, "अनंत्या, तू लिवलंयस ना समदं? सांग, आमी म्हनतू."

त्यानं पहिला धवळा वाचला. बायांनी तो उचलला.

"फुडं?"

"फुडचं नाय माझ्याकडं."

"काकीनं दिलं नाय व्हय तुला?"

"दिलं व्हतं."

सावळीनं त्याच्याकडं पाहिलं, मग पहिलाच धवळा पुन्हा धरला. हळद संपेपर्यंत बाया तोच गात राहिल्या.